बुबुळाची झेप कशी मोजायची: ओसरीतलं ऊन, मोबाईल आणि थोडं गणित

तोल जातो म्हणून कुणाला दाखवायला आणलं की घरचे आधी पायांचं सांगतात. बांधावरून चालता येत नाही, रात्री मोरीपर्यंत जातानाही भिंत धरावी लागते, असं. डोळ्यांचं कुणी सांगत नाही, कारण डोळे दुखत नाहीत आणि नजरही साफ असते. मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीसोबत यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या गावांत जाऊ लागलो, तेव्हा तिने मला एका काकाजींचे डोळे दाखवले. डावीकडून उजवीकडे पाहायला सांगितलं, तर बुबुळ टुणकन उडी मारायच्या ऐवजी पाणी सरकावं तसं सरकत गेलं. काकाजी म्हणाले, "मले तं सारं दिसते, डोयाले काय झालं?" त्या सरकण्याला आकडा देता येतो. तो कसा काढायचा, ते इथे क्रमाने लिहितो. तुमच्या गावातल्या फिजिओथेरपिस्टला, डॉक्टरला किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला हे जमण्यासारखं आहे.

आपण पाहतो तेव्हा डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झेप घेतो. या झेपेला सॅकेड म्हणतात. जागेपणी सेकंदाला साधारण तीन सॅकेड होतात. दहा अंशांची झेप ४० ते ४५ मिलिसेकंदांत संपते. निरोगी माणसाला ती मुद्दाम हळू करता येत नाही, आणि म्हणूनच ती मोजण्यालायक आहे. चालणं, बोलणं, हात हलवणं यांत माणूस सांभाळून घेतो. इथे सांभाळून घ्यायला जागाच नाही.

आपल्या राज्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची नोंद प्रसिद्ध केली. त्या कुटुंबांत पिढीजात तोल जाण्याचा आजार होता आणि सोबत डोळ्यांची हालचाल संथ होती. आज असे बहुतेक रुग्ण एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) या नावाखाली येतात. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं.

आधी कुणाला मोजायचं नाही

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील, एकाचे दोन दिसत असतील, गिळता येत नसेल, तर तो मण्यारीचा दंश असू शकतो, आणि त्याची खूण अंगावर दिसेलच असं नाही. फवारणीनंतर डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ती विषबाधा असू शकते. एकाएकी तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर लकवा. या तिघांपैकी कुणासाठीही मोबाईलचा कॅमेरा उघडू नका, गाडी काढा.

रात्रभर ओलिताला जागलेल्या माणसाचा आकडाही त्या दिवशी घेऊ नका. शेतीपंपाला वीज रात्री मिळते तिथे हे वारंवार घडतं. जागरणाने, दारूने, झोपेच्या आणि काही फिट्सच्या गोळ्यांनी सॅकेड मंदावतात. आम्ही सुरुवातीला हे विचारलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्या महिन्यातली निम्मी मोजमापं टाकून द्यावी लागली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. तुलनेसाठी त्याच वयाचा निरोगी माणूस लागतो आणि हाताशी असतो रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा. त्याला घेऊ नका. एससीए-२ मध्ये प्रत्येक अपत्याला आजार मिळण्याची शक्यता अर्धी असते आणि डोळ्यांची गती इतर लक्षणं दिसण्याच्या आधीच कमी होऊ लागते. म्हणजे गंमत म्हणून मुलाचा व्हिडिओ घेतला, तर समुपदेशन न करता, संमती न घेता तुम्ही त्याची जनुकीय चाचणीच केल्यासारखं होतं. तुलनेला सून, जावई किंवा शेजारी घ्या. रक्ताचं नातं नको. रुग्णाची संमती त्याच्या बोलीत समजावून घ्या. व्हिडिओत चेहऱ्याचा डोळ्यांपुरताच भाग ठेवा. हे संशोधन म्हणून करायचं असेल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते.

मोबाईल खरा आहे का, ते तपासा

साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे दोन चौकटींमध्ये ३३ मिलिसेकंद. दहा अंशांची अख्खी झेप एक-दोन चौकटींत उरकते, हाती काही लागत नाही. स्लो मोशनमध्ये २४० चौकटी मिळतात, अंतर ४.१७ मिलिसेकंद. तीच झेप आता दहा चौकटींत दिसते. एवढ्यावर काम भागतं.

पण काही मोबाईल मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतात. त्याची परीक्षा सोपी आहे. बरोबर एक मीटर उंचीवरून चेंडू सोडा आणि स्लो मोशनमध्ये टिपा. पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत १०८ चौकटी यायला हव्यात. ९० किंवा १२५ आल्या तर त्या फोनच्या आकड्यावर विसंबू नका. दोन-दोन चौकटी हुबेहूब सारख्या निघाल्या, तर फोन भर टाकतो आहे. आणखी एक सापळा: स्लो मोशनची फाइल बहुधा ३० च्या वेगाने वाजते, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती आठपट लांब वाटते. चौकटींचा दर तिथे हाताने २४० भरावा लागतो.

बैठक आणि उजेड

घरातल्या ट्यूबलाइटचा किंवा स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि २४० चौकटींत तो उघडझाप करताना दिसतो. सकाळी दहाच्या आत ओसरीत बसवा. ऊन तोंडावर नको, बाजूने भरपूर उजेड हवा. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडे फोन इतका तापतो की स्लो मोशन आपोआप बंद पडतं. त्या दिवसांत सातलाच काम उरका आणि फोन सावलीत ठेवा.

रुग्णाला पाठीच्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकवून बसवा. मागे चादरीची घडी आणि कपाळावरून दुपट्ट्याचा सैल पट्टा. तरीही डोकं थोडं हलतंच, आणि संथ डोळ्यांचा माणूस तर सवयीने मान आधी फिरवतो. म्हणून नाकाच्या हाडावर एक काळी टिकली लावा. बुबुळासोबत टिकलीही मोजायची आणि डोक्याची हालचाल वजा करायची. टिकली कपाळावर नको. भुवया उचलल्या की कातडी सरकते आणि तीही.

समोर एक मीटरवरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला रंगीत टिकल्या चिकटवा. मध्ये एक, मग दोन्ही बाजूंना ८.७, १७.६ आणि २६.८ सेंटिमीटरवर. हे झाले ५, १० आणि १५ अंश. अंतर फूटपट्टीने मोजा, डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचंही. फोन स्टँडवर, चेहऱ्यापासून वीतभर पुढे आणि हनुवटीच्या पातळीला असावा, म्हणजे टिकल्या झाकल्या जाणार नाहीत. दोन्ही डोळे चौकटीत यायला हवेत, कारण काही आजारांत एकच डोळा मागे राहतो.

"मान नोका हालवू, फक्त डोये फिरवा" असं सांगून रंगांची नावं उलटसुलट क्रमाने पुकारा. क्रम ठरलेला असला की माणूस आधीच तिकडे पाहतो आणि अशी अंदाजाने मारलेली झेप मुळातच थोडी संथ असते. प्रत्येक अंतराच्या प्रत्येक बाजूला निदान दहा झेपा मिळेपर्यंत चालवा, पण एका वेळी तीन मिनिटांहून जास्त नको. थकलेला डोळा वेगळा आकडा देतो.

चित्रातून अंश

परदेशी सूचना वाचल्या तर बाहुलीचा मध्य शोधा असं सांगतात. आपल्याकडे बुबुळ गडद तपकिरी असतं आणि साध्या उजेडात बाहुली त्यात मिसळून जाते. आम्ही बुबुळाचा काठ धरतो, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं. ‘ट्रॅकर’ नावाचं भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एक-एक चौकट पुढे नेत डावा-उजवा काठ खुणावता येतो. दोन्ही काठांची सरासरी म्हणजे बुबुळाचा मध्य.

किती बारकाई लागते ते आधी पाहून घ्या. बुबुळाची रुंदी साधारण १२ मिलिमीटर. ती चित्रात २४० पिक्सेल दिसत असेल, तर मिलिमीटरला २० पिक्सेल. बुबुळाचा काठ डोळा फिरतो त्या केंद्रापासून सुमारे १० मिलिमीटरवर असतो, त्यामुळे एक अंश म्हणजे ०.१७ मिलिमीटर, जेमतेम साडेतीन पिक्सेल. बुबुळ चित्रात १०० पिक्सेलच दिसत असेल, तर अंशाला दीड पिक्सेल उरतो. तेव्हा फोन जवळ आणा किंवा खऱ्या भिंगाचा झूम वापरा.

हा हिशेब अंदाजापुरता. खरं मापन त्या रुग्णावरच करायचं: तो प्रत्येक टिकलीवर नजर स्थिर ठेवतो तेव्हाची पिक्सेलची जागा घ्या, आडव्या अक्षावर पिक्सेल, उभ्यावर अंश, आणि त्यातून सरळ रेषा काढा. कंपवाताचा रुग्ण पहिल्या झेपेत कमी पडतो आणि दुसऱ्या छोट्या झेपेने लक्ष्य गाठतो, म्हणून दुसरी झेप संपल्यावरची जागा धरा.

वर-खाली झेपा याच रीतीने मोजतात, पण खाली पाहताना वरची पापणी बुबुळ झाकते. मैत्रीण बोटाने पापणी हलकेच उचलून धरते. तरी चूक जास्तच राहते, हे निकालात लिहून ठेवतो.

अंशातून वेग

मनाने बनवलेल्या एका दहा अंशांच्या झेपेच्या चौकटी घ्या: ०, ०.१, ०.६, १.७, ३.२, ५.०, ६.७, ८.२, ९.२, ९.८, १०.० अंश. सरळ शेजारच्या दोन चौकटींची वजाबाकी करून ४.१७ मिलिसेकंदांनी भागण्याचा मोह होतो. तो टाळा. काठ खुणावताना अर्धा पिक्सेल, म्हणजे ०.१५ अंश, चूक सहज होते, आणि या रीतीत तिची वेगातली चूक सेकंदाला ५० अंशांवर जाते. पाच चौकटींतून उतार काढला तर तीच चूक ११ वर येते. सूत्र असं: दोन चौकटी पुढची जागा दुप्पट करा, त्यात एक चौकट पुढची मिळवा, एक मागची वजा करा, दोन मागची दुप्पट करून वजा करा, आणि सगळ्याला दहा चौकटींच्या वेळेने, म्हणजे ०.०४१७ सेकंदाने भागा.

मधल्या ५.० अंशांपाशी: १६.४ + ६.७ − ३.२ − ३.४ = १६.५. भागिले ०.०४१७, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९६ अंश. हा सर्वोच्च वेग.

झेप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ठरवायला सेकंदाला ३० अंशांची रेघ वापरतात. संथ रुग्णात ही रेघ फसवते, कारण ज्याचा सर्वोच्च वेगच ६० आहे त्याची निम्मी झेप ती कापून टाकते. अशा वेळी सर्वोच्च वेगाच्या १५ टक्के धरा. मग पडताळा: सर्वोच्च वेगाला कालावधीने गुणा आणि कोनाने भागा. उत्तर १.६५ च्या आसपास यावं. वरच्या उदाहरणात ३९६ गुणिले ०.०४१७ भागिले १०, म्हणजे १.६५. उत्तर त्यापासून फार लांब गेलं, तर बहुधा पापणी लवली आहे किंवा एका चौकटीत काठ चुकला आहे. ती झेप टाकून द्या.

वेगाची वक्ररेषा

झेप मोठी तसा वेग जास्त, पण वाढ हळूहळू थकते. हा संबंध बाहिल, क्लार्क आणि स्टार्क यांनी १९७५ मध्ये ‘मेन सीक्वेन्स’ या नावाने मांडला. नाव खगोलशास्त्रातून उचललेलं आहे, जिथे ताऱ्यांची तेजस्विता आणि तापमान असंच एका पट्ट्यात बसतं. सूत्र:

वेग = क × (१ − ई^(−कोन ÷ स))

इथे ई म्हणजे २.७१८, क ही वेगाची कमाल मर्यादा आणि स हा रेषा किती लवकर वाकते ते सांगणारा कोन. निरोगी उदाहरणात क ५५० आणि स १० धरले, तर ५, १०, १५, २० अंशांना वेग येतात २१६, ३४८, ४२७, ४७६.

हे बसवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये स ची किंमत २ पासून ३० पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंशाने लिहा. प्रत्येक स साठी प्रत्येक झेपेचा कंसातला भाग काढा. त्याला ‘भाग’ म्हणू. मग क = (वेग × भाग यांची बेरीज) ÷ (भागाच्या वर्गांची बेरीज). या क ने येणारा वेग आणि मोजलेला वेग यांच्या फरकाचे वर्ग करून बेरीज घ्या. जिथे ती सर्वांत कमी, ती जोडी तुमची. सरावासाठी एका संथ रुग्णाचे कल्पित आकडे देतो: ५ अंशांना ६०, १० ला ८५, १५ ला ९५, २० ला १००. करून पाहा; स ५.५ आणि क १०२ च्या आसपास यायला हवं.

इथे माझं ठाम मत आहे: क आणि स निकालात मुख्य आकडे म्हणून देऊ नका. आपल्या झेपा २०–३० अंशांपर्यंतच्याच असतात, त्यामुळे क थोडा वाढवून स ही वाढवला तरी रेषा जवळपास तशीच बसते. दोन भेटींत क ५० ने बदललेला दिसेल आणि घरचे घाबरतील, डोळा मात्र तोच असेल. वक्ररेषेवरून दहा अंशांचा वेग काढा आणि तोच द्या. वरच्या रुग्णाचा ८५, शेजाऱ्याचा ३४८. दोघांचं मोजमाप त्याच ओसरीत, त्याच फोनवर झालेलं असावं, कारण २४० चौकटी आणि पाच चौकटींचा उतार मिळून छोट्या झेपेचा वेग थोडा कमीच दाखवतात, आणि ही कसर दोघांना सारखी लागली तरच तुलना खरी.

आडव्या अक्षावर टिकलीचा कोन घ्यायचा नाही, डोळा प्रत्यक्ष जितका गेला तो कोन घ्यायचा. कंपवाताचा रुग्ण दहाच्या टिकलीकडे सात अंशच झेप घेतो. टिकलीचा कोन घेतला तर तो संथ वाटतो. सात अंशांवर ठेवला की बिंदू बहुतेक वेळा निरोगी रेषेच्या जवळ जाऊन बसतो.

आत काय चाललंय

डोळा एका जागी धरून ठेवायला स्नायूंना एक कायम जोर लागतो, आणि झेप घ्यायला त्याआधी एक जोराचा झटका. झटका म्हणजे पल्स, कायम जोर म्हणजे स्टेप. हे पल्स-स्टेपचं चित्र डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९६४ पासून गणिताने उभं केलं. डोळा आणि त्याभोवतीचे स्नायू-मांस सुमारे २०० मिलिसेकंदांच्या कालस्थिरांकाचा सुस्त गोळा आहे असं धरा. नुसता स्टेप दिला तर डोळा रेंगाळत जाईल. दहा अंश ४० मिलिसेकंदांत गाठायचे, तर झटका = १० ÷ (१ − ई^(−४०÷२००)) = ५५, म्हणजे स्टेपच्या साडेपाच पट. संथ रुग्णाला २०० मिलिसेकंद लागतात, त्याचा झटका याच हिशेबाने १६ येतो. रुग्णाचा डोळा पोहोचतो, पण छोट्या आणि लांबलेल्या झटक्याने.

हा झटका मेंदूच्या देठातल्या बर्स्ट पेशी देतात, आडव्यासाठी पॉन्समधल्या आणि उभ्यासाठी त्याच्या वर मध्यमेंदूतल्या. झी, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये संथ सॅकेड असलेल्या रुग्णांवर काम केलं. झेप चालू असतानाच लक्ष्य हलवलं, तर त्यांचा डोळा वाटेतच वळू शकत होता. म्हणजे झेप बंदुकीच्या गोळीसारखी सुटलेली नसते. किती अंतर बाकी आहे याचा हिशेब आत सतत चालू असतो. निरोगी डोळ्यात हे इतक्या लवकर उरकतं की ते उघड दिसत नाही.

हे स्प्रेडशीटमध्ये स्वतः पळवून पाहा. एक ओळ म्हणजे एक मिलिसेकंद. पहिल्या रकान्यात बाकी अंतर, सुरुवातीला १०. दुसऱ्यात बर्स्ट = क × (१ − ई^(−बाकी ÷ स)). पुढच्या ओळीत बाकी = आधीची बाकी − ०.००१ × बर्स्ट. तिसऱ्यात डोळ्याचा वेग = आधीचा वेग + (बर्स्ट − आधीचा वेग) ÷ १२, कारण पल्स-स्टेपने २०० ची मोठी सुस्ती भरून निघाली तरी डोळा १२ मिलिसेकंदांच्या सुस्तीने मागून येतो. चौथ्यात जागा = आधीची जागा + ०.००१ × वेग. वेगाचं सूत्र ओळखीचं वाटलं ना? वक्ररेषा बाहेर दिसते ती आतल्या बर्स्ट पेशींच्या थकण्याची.

या सुस्तीमुळे सर्वोच्च वेग ३४८ वरून २१० च्या आसपास उतरतो, म्हणून वक्ररेषेतला क जसाच्या तसा भरू नका. मोजलेला वेग मिळेपर्यंत तो वाढवत न्या. मग एकच गोष्ट बदला आणि पाहा. क पाचव्या हिश्श्यावर आणला, तर झेप लांबते पण दहा अंश पूर्ण होतात. हे एससीए-२ सारखं. बाकी अंतरातून ०.००१ × बर्स्ट याच्या ऐवजी त्याचे फक्त ०.८ वजा केले, तर डोळा १२.५ अंशांवर जाऊन थांबतो. लहान मेंदूच्या आजारात असा ओलांडून जाणारा डोळा दिसतो. सुरुवातीची बाकीच ७ ठेवली, तर कंपवातासारखी कमी पडणारी झेप.

आडव्या झेपा ठीक आणि उभ्या संथ निघाल्या, आणि माणूस वारंवार मागे पडत असेल, तर पीएसपी नावाच्या आजाराची शंका न्यूरोलॉजिस्ट घेतात. नाकाकडे येणारा एकच डोळा संथ असेल, तर देठातल्या एका विशिष्ट मज्जातंतूच्या पट्ट्याला इजा झालेली असू शकते. म्हणून दोन डोळ्यांची वक्ररेषा वेगळी काढायची. ही नावं तुमच्या समजुतीसाठी. रुग्णाला सांगायची नाहीत.

कागदावर काय लिहायचं

नागपूर किंवा सेवाग्रामला जाणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये आम्ही एकच पान ठेवतो. वर तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप आणि चालू गोळ्या. मग प्रत्येक डोळ्याचा आणि प्रत्येक दिशेचा दहा अंशांचा वेग, किती झेपांवरून काढला तो आकडा, किती झेपा टाकल्या आणि का. शेजाऱ्याचा आकडा बाजूला, नाव न लिहिता. खाली बिंदूंची आकृती, नुसती रेषा नाही. पसरलेले बिंदू पाहून डॉक्टर स्वतः ठरवतात किती भरवसा ठेवायचा. निदानाची ओळ कोरी.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजताना तीच ओसरी, सकाळची तीच वेळ आणि तोच फोन. मध्ये फोन बदलला असेल, तर नव्या फोनवर आधी चेंडू टाकून बघा आणि शेजाऱ्यालाही पुन्हा बसवा.